रोजचे शास्त्रवाचन आणि संध्याकाळचा हिशेब

वर्षाच्या शेवटच्या रात्री मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना होते, बारा वाजले की एकमेकांना सलाम करून झाल्यावर नव्या वर्षासाठी शास्त्रातले एक वचन लिहिलेली चिठ्ठी हाती पडते, आणि घरी परतताना यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायचेच, असा निश्चय आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी केलेला असतो. मी तो किमान सात वेळा केला आहे. माझा पेशा हिशेब तपासण्याचा असूनही त्या निश्चयातला हिशेब मी कधी मांडला नव्हता. ६६ पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय होतात, म्हणजे वर्षभरात ते संपवायचे तर रोज तीनहून थोडे अधिक अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय कसेबसे जानेवारीत सरतात, आणि नव्या वर्षाचा उत्साह ओसरत असतानाच लेवीय हे नियमांनी भरलेले तिसरे पुस्तक समोर येते. माझ्या जुन्या प्रतीतली खुणेची फीत कितीतरी वर्षे त्याच पुस्तकात अडकलेली होती.

त्या अपयशांतून जे शिकलो तेच येथे सांगत आहे. रोजचे वाचन इतके लहान असावे की त्यातून त्याच दिवशी करण्याजोगी एखादी गोष्ट हाती लागावी, आणि ती केली की नाही हे संध्याकाळी तपासता यावे. वर्षात सगळे शास्त्र वाचून काढणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण ज्याला अजून सवय लागलेली नाही त्याने तो मार्ग पहिल्याच वर्षी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम वेळेचा प्रश्न. पहाटे चारला उठून गुडघे टेकणाऱ्या भक्तांच्या गोष्टी ऐकून आपण स्वतःवर जो नियम लादतो, तो चौथ्या दिवशी मोडतो. त्यापेक्षा दिवसात जी गोष्ट आधीपासून न चुकता घडते, तिच्या शेजारी वाचन बसवावे. आमच्या वसाहतीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला येते आणि टाकी भरेपर्यंत वीस मिनिटे कोणालातरी जागे राहावेच लागते. ती वीस मिनिटे मी घेतली. कोणाला पहिल्या चहाची वेळ सोयीची वाटेल, कोणाला मुले शाळेत गेल्यानंतरची, कोणाला लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावरची. मार्काने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकान्तात प्रार्थनेला गेल्याचे आपण वारंवार ऐकतो, पण लगेच पुढे शिष्य त्याला शोधत तेथे येऊन पोहोचतात, हे फारसे कोणी सांगत नाही. एकान्तात व्यत्यय येणारच, हे गृहीत धरून बसावे. शक्य असेल तर छापील प्रत वापरावी. मोबाइलवर शास्त्र उघडले की दोन वचनांच्या मध्ये सोसायटीच्या पाणीपट्टीचा निरोप येतो आणि मन तिकडे धावते. प्रवासात मात्र मोबाइलच उपयोगी पडतो, हेही मान्य केले पाहिजे.

प्रत कोणती घ्यावी, याचे उत्तर सोपे आहे: दुसऱ्याने मोठ्याने वाचली तर ऐकताना कळेल ती. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने १८११ मध्ये नवा करार, म्हणजे शास्त्राचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, मराठीत आणला, तेव्हापासून प्रत्येक पिढीने शास्त्राची मराठी पुन्हा तासली आहे. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमधील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांना कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत उतरवले. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईकडच्या आणि इतर कॅथलिक वाचकांच्या प्रतीत ७३ पुस्तके असतात आणि त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध भाषांतर आहे. मी स्वतः लहानपणापासून कानात बसलेली जुन्या वळणाची प्रत वाचतो आणि अडले की सोप्या भाषेतली उघडतो. जुन्या भाषेला एक गांभीर्य आहे खरे, पण ‘खचित’ आणि ‘जाहला’ यांच्या नादात अर्थ हातून निसटला तर ते गांभीर्य फुकट जाते.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, करावी. त्याचे १६ अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिनाभरात ते संपते आणि एक पुस्तक पूर्ण केल्याचा आनंद मिळतो, जो सवय टिकवण्यासाठी आवश्यक असतो. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये ही एकाच लेखकाची दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत, मग उत्पत्ति, मग निर्गमाचे पहिले वीस अध्याय. स्तोत्रे मात्र कोणत्याही पुस्तकासोबत चालतात. ११९ वे स्तोत्र १७६ वचनांचे असल्यामुळे ते पाहून लोक पान उलटतात. पण ते हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांच्या २२ कडव्यांत बांधलेले आहे, हे लक्षात घेतले तर रोज एक कडवे याप्रमाणे २२ दिवसांचा सुंदर पाठ तयार होतो. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तीही चांगली आहे, फक्त नीतिसूत्रे ही दुसऱ्याला ऐकवण्यासाठी वाचण्याचा मोह आवरावा लागतो.

वाचायचे कसे, यावर थोडे थांबून बोलले पाहिजे. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणाऱ्या माणसाचे वर्णन आहे. त्या ‘मनन’साठी असलेल्या मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ तोंडातल्या तोंडात पुटपुटणे असा आहे, तेच क्रियापद यशयाच्या पुस्तकात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी आले आहे. म्हणजे मनन हे डोळे मिटून करायचे काम नसून ओठांचे काम आहे. म्हणून पाठ मोठ्याने वाचावा, निदान ओठ हलवून वाचावा, आणि दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात गोष्ट कळते, दुसऱ्या वाचनात तपशील दिसू लागतात. मार्काच्या पाचव्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या मरणासन्न मुलीसाठी येशूला घेऊन निघतो, वाटेत रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री येशूच्या वस्त्राला शिवते आणि सगळी मिरवणूक थांबते. ती स्त्री १२ वर्षे आजारी आहे, आणि अध्यायाच्या शेवटी कळते की ती मुलगी १२ वर्षांची आहे. मी ही गोष्ट शब्बाथशाळेपासून ऐकत आलो, पण हे दोन बारा प्रथम दिसले ते चाळिशीनंतर, टाकी भरण्याची वाट पाहत मोठ्याने वाचत असताना. ज्या वर्षी याईराच्या घरी पाळणा हलला त्याच वर्षी त्या स्त्रीचे दुखणे सुरू झाले होते, आणि आता एकीसाठी थांबल्यामुळे दुसरीचा वेळ जात होता. वाटेत थांबलेल्या त्या बापाच्या जागी उभे राहून पाहिले की गोष्टीचा सारा रंग बदलतो.

हातात पेन्सिल असावी. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली, तेव्हा प्रत्येक पुस्तक पेन्सिलने खुणा करीत वाचण्याच्या आपल्या नेहमीच्या सवयीने त्यांनी ती वाचायला घेतली आणि येशूने डोंगरावर दिलेल्या उपदेशापाशी, गिरिप्रवचनापाशी, येऊन ते खिळले. मत्तयाचे पाच ते सात हे तीनच अध्याय, पण त्यांनी त्या कवीची वाट बदलली. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. शास्त्रावर खुणा करणे हा अनादर आहे असे माझ्या आजीचे मत होते आणि मी ते बरीच वर्षे पाळले. आता पाळत नाही.

खूण करताना एक सावधगिरी बाळगावी, ती म्हणजे वचन त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडू नये. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांनी घातले आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये. मूळ लेखकांनी यांतले काहीच लिहिले नव्हते. आकड्यांमुळे वचन सापडणे सोपे झाले आणि तोडणेही सोपे झाले. यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले अकरावे वचन, परमेश्वराच्या मनात आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे सांगणारे, आपल्याकडच्या किती कॅलेंडरांवर छापलेले असते! ते बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान झालेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात परत येण्यास सत्तर वर्षे लागतील असे म्हटले आहे. ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांतल्या बहुतेकांना घर पुन्हा दिसणार नव्हते. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे’ हे पौलाचे वाक्य मुलांच्या परीक्षेच्या काळात भिंतीवर चिकटवले जाते, पण बंदिवासातून लिहिणारा पौल त्याच्या अगोदर उपाशी राहण्याची आणि विपन्नावस्थेत दिवस काढण्याची गोष्ट करीत आहे. आणि दुःखात सापडलेल्या ईयोबाला उपदेश करणाऱ्या त्याच्या मित्रांची भाषणे तर फारच जपून घ्यावीत, कारण पुस्तकाच्या अखेरीस ते मित्र आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे परमेश्वर स्वतः सांगतो. म्हणून कोण बोलत आहे, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी, हे पाहिल्याशिवाय वचन उचलू नये. वर्षाच्या चिठ्ठीवर आलेले वचनही त्या दिवशी त्याच्या संपूर्ण अध्यायासह वाचावे. चिठ्ठीचा मान त्याने कमी होत नाही.

जे कळत नाही त्यासाठी वहीची शेवटची पाने राखून ठेवावीत. १३७ व्या स्तोत्राचा शेवट, यहोशवातल्या कत्तली, शापाने वाळलेले अंजिराचे झाड, हे सगळे माझ्या वहीच्या मागे आहे आणि त्यांतले काही अजून तेथेच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत एक कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, अधिकारी रथात यशयाचे पुस्तक वाचत असतो आणि वाचलेले समजते काय असे फिलिप्पाने विचारताच, कोणी समजावल्याशिवाय कसे समजणार, असे मोकळेपणाने सांगतो. तो मोठा अधिकारी होता, तरी त्याला विचारायची लाज वाटली नाही. आपल्या पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, असे प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, म्हणून बहुतेक पाळक ते ऐकून आनंदित होतात.

आता वहीच्या पुढच्या पानांविषयी. मी रोज दोनच ओळी लिहितो. सकाळी एक: आजच्या पाठातून आज काय करायचे. रात्री एक: केले किंवा नाही केले. ‘अधिक प्रेम करीन’, ‘विश्वासात वाढेन’ अशी वाक्ये तेथे चालत नाहीत, कारण रात्री ती तपासता येत नाहीत. ‘धाकट्या भावाला फोन करायचा’ हे चालते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करण्यास सांगितले आहे, आणि त्या पाठाखाली मी तो फोन लागोपाठ चार दिवस लिहिला. चारही रात्री ‘नाही’ असे लिहावे लागले. पाचव्या दिवशी फोन केला तो भक्तीपेक्षा वहीच्या लाजेने, हे कबूल करतो.

पण या पद्धतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते ज्या लेवीयात माझी फीत अडकत असे त्याच पुस्तकाने. एका वर्षी घाई न करता, दिवसाला अर्धा अध्याय असे वाचत मी १९ व्या अध्यायाला पोहोचलो. शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे, तराजू आणि मापे खरी असावीत, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आणि तेराव्या वचनात, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. ज्या ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या आज्ञेला येशूने दुसरी मोठी आज्ञा म्हटले, ती याच अध्यायात, या हिशेबी नियमांच्या रांगेत अठराव्या वचनात आहे. आमच्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला द्यायचा असे ठरलेले होते, पण मी तो माझ्या सोयीने सहा-सात तारखेला देत असे. सुटे पैसे नव्हते, बँकेत जायला जमले नाही, अशी कारणे असत, आणि मावशींनी कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. इतरांच्या खात्यांतली उशिरा दिलेली देणी लाल शाईने दाखवणे हे माझे रोजचे काम. त्या सकाळी मी वहीत एक ओळ लिहिली आणि तेव्हापासून पगाराचे पाकीट आदल्या दिवशीच तयार असते. यात मोठेपणा काही नाही, दुसऱ्याचे होते ते वेळेवर दिले इतकेच. परंतु प्रेमावरची शंभर प्रवचने ऐकून जे मला दिसले नव्हते ते एका कंटाळवाण्या मानलेल्या पुस्तकाने दाखवले.

घरात हेच काम अधिक अवघड होते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय आपल्याकडे लग्नात वाचतात आणि बाविसाव्या वचनापासून, म्हणजे पत्नींनी पतींच्या अधीन असावे येथून, सुरुवात करतात. एकविसाव्या वचनात एकमेकांच्या अधीन असा, असे सांगितलेले आहे, आणि काही अतिशय जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून उसने घ्यावे लागते. पुढे पतींना जे सांगितले आहे, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी प्रीती करण्याचे, ते तर लांबीनेही अधिक आहे. पतीने हा अध्याय वाचला तर वहीत स्वतःच्या वाट्याचेच लिहावे. मी त्या दिवशी ‘रात्रीची भांडी’ असे लिहिले होते.

मंडळीतही वचन असेच बोचावे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायांशी जागा देणाऱ्यांना जे खडसावले आहे, ते वाचून पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर कोण बसते आणि त्याला किती जण सलाम करतात, हे पाहावे. आणि गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले, ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हा भेद नाही हे वचन आपण मोठ्या आवाजात म्हणतो. पण मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली की ‘ते मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातोच. त्या वचनाखाली कृतीची ओळ लिहायची झाली तर ती एकच आहे: हा प्रश्न पुढच्या वेळी आपण विचारायचा नाही, आणि कोणी विचारला तर उत्तर द्यायचे नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांशी साक्ष देण्याविषयी मी थोडेच सांगेन. दिवाळीत आमच्याकडे चार घरांचा फराळ येतो आणि नाताळात आमच्या करंज्या-चकल्या त्या चार घरी जातात; त्या ताटाबरोबर प्रवचन पाठवण्याची गरज मला कधी वाटली नाही. कोणी विचारले तर सांगावे, आणि आपल्या वागण्यामुळे विचारावेसे वाटेल असे असावे.

घरगुती प्रार्थना लहान ठेवावी. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एक गीत, दहा-बारा वचने, एक प्रार्थना, असे पंधरा मिनिटांत आटोपावे, आणि वाचन घरातल्या सर्वांत धाकट्या वाचकाकडे द्यावे, मग त्याला ‘नबुखद्नेस्सर’ म्हणताना तीनदा अडखळू द्यावे. वडीलधाऱ्यांनी या वेळेत मुलांच्या दिवसभरातल्या चुका देवाला कळवण्याच्या निमित्ताने मुलांना ऐकवू नयेत. मुले ते ओळखतात.

काही महिने असे येतात की वाचताना काहीच वाटत नाही. त्या काळात पाठ आणखी लहान करावा, पण सोडू नये, आणि विलापाची स्तोत्रे वाचावीत. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याला शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, तरीही ते शास्त्रात आहे आणि ते म्हणणारा परमेश्वराशीच बोलत आहे. मनात नसलेला आनंद प्रार्थनेत आणण्याचे ओझे त्याने उतरते.

राहिला चुकलेल्या दिवसांचा प्रश्न. माझ्या पेशात थकबाकी पुढे ओढली जाते, वाचनात ओढू नये. तीन दिवस चुकले म्हणून चौथ्या दिवशी चार दिवसांचे पाठ उरकले की सवय तेथेच मरते. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात रानात देवाने दिलेले अन्न, मान्ना, रोजचा रोज गोळा करायचा होता. उद्यासाठी म्हणून ठेवला त्यात किडे पडले, आणि शब्बाथाचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, तेवढा अपवाद होता. कालचे राहिले ते राहिले, आजचे उचलावे. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा माझी वही अकरा दिवस कोरी राहिली. रुग्णालयाच्या बाकावर जी प्रार्थना झाली तिला शब्दही नव्हते. तिला घरी आणल्यावर बाराव्या दिवशी पहाटे नळाला पाणी आले, मी वहीत नवी तारीख घातली आणि फीत होती ते पान उघडले. मार्काचा पाचवा अध्याय अर्धा झालेला होता, आणि याईर अजून वाटेतच थांबला होता.